के. गिरिजा ऊर्फ एस. कावेरीबाई

कॉफी घ्या आधी. गार झाली की तिची चव जाते, आणि मी जे सांगणार आहे ते ऐकताना गरम काहीतरी पोटात असलेलं बरं. मूर्खपणा सगळेच करतात हो. पण स्वतःचाच गुन्हा शोधत तीन महिने पोलीस स्टेशनच्या पायऱ्या झिजवणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? नसेल, तर नीट बघून घ्या. समोर बसल्ये.

आधी नावाचा घोळ सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तुमच्याकडे लग्न झालं की आडनाव बदलतं. आम्ही तंजावरचे मराठी, पण नावाच्या बाबतीत तमिळ. आडनाव नाहीच. नावापुढं वडिलांचं एक अक्षर, लग्नानंतर नवऱ्याचं. माझे वडील कृष्णाजी राव, म्हणून मी के. गिरिजा. नवरा सेतुराम राव, म्हणून लग्नानंतर एस. एवढ्यावर भागलं असतं. पण माझ्या सासूबाईंचं नावही गिरिजाच निघालं. आता सासूच्या देखत "गिरिजे, पाणी तापलं का?" असं घरात कोण ओरडणार? म्हणून लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, कावेरी. पुढं शाळेत गणिताची नोकरी लागली तेव्हा गॅझेटातही तेच छापून घेतलं. के. गिरिजा संपली. तिची कोणी चौकशी केली नाही, मीसुद्धा नाही.

चार वर्षांपूर्वी हे गेले. एकुलती एक मुलगी सुगंधा, ती परदेशात. देशाचं नाव सांगत नाही, मला तिथं परत जायचं आहे. गेल्या वर्षी तिचा फोन आला. चौथा महिना लागला होता आणि जावई घर सोडून गेला होता. दोन्ही गोष्टी तिनं एकाच वाक्यात सांगितल्या, बाजारातून काय आणलं ते सांगावं तशा. मग म्हणाली, "आई, बाळंतपणाला तू ये. दुसरं कोणी नाही."

माझ्या मुलीनं लहानपणापासून माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. हे पहिलंच मागणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुरुगेशनच्या दुकानात. जुन्या बसस्टँडजवळ त्याचं ट्रॅव्हल्सचं दुकान आहे, व्हिसाचे फॉर्म तोच भरून देतो. पन्नाशीचा माणूस, कपाळाला विभूती, कॉम्प्युटरवर दोन बोटांनी टाइप करतो, पण त्या दोन बोटांनी अर्धा जिल्हा परदेशी पाठवलाय. शेवटच्या पानावर प्रश्नांची रांग होती. तो मला न विचारताच खुणा करत चालला होता. संसर्गजन्य रोग? नाही. युद्धात भाग? नाही. आजवर कधी अटक?

मी म्हटलं, "थांबा."

"काय झालं, अम्मा?"

"तिथं 'हो' करा."

त्याची दोन्ही बोटं हवेतच राहिली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या चष्म्याकडे पाहिलं, शाळेच्या निरोप समारंभात मिळालेल्या माझ्या पिशवीकडे पाहिलं.

"कधी झाली होती?"

"एकोणीस वर्षांची असताना. आमच्या कॉलेजला जाणारी एकुलती एक बस बंद केली, म्हणून मुलींनी रस्ता अडवला. पोलिसांनी व्हॅनमधून नेलं, कल्याण मंडपात ठेवलं आणि संध्याकाळी सोडलं."

हे तुम्हाला चमत्कारिक वाटेल. कल्याण मंडप म्हणजे लग्नाचं कार्यालय. आमच्याकडे आंदोलनात शंभर-दोनशे माणसं धरली तर ती ठेवणार कुठं? मग मोकळा असेल तो मंडप घेतात, पंख्याखाली बसवतात, दुपारी जेवण देतात आणि संध्याकाळी नावं लिहून घरी पाठवतात.

मुरुगेशन म्हणाला, "अम्मा, ही काय अटक झाली? असं म्हटलं तर माझा सासरा दर महिन्याला अटकेत असतो. 'नाही' करतो मी."

"मी शाळेत तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं."

"त्या मुलांना व्हिसा लागत नव्हता."

तरी मी ऐकलं नाही. आता तुम्हाला खोटं कशाला सांगू, ते काही निव्वळ सत्याचं प्रेम नव्हतं. नोकरीच्या वेळी पोलीस चौकशीचा कागद आला होता, तेव्हा याच प्रश्नाला मी भीतीनं 'नाही' लिहिलं होतं. ते मला कायम टोचत असे. आणि दुसरं म्हणजे, त्या अटकेचा मला अभिमान होता. सासूबाई तांदूळ मोजून द्यायच्या, हे जेवताना पेपर वाचायचे, मुख्याध्यापक सगळ्यांदेखत बोलायचे, आणि मी मनात म्हणायचे, बोला काय बोलायचं ते. मी व्हॅनमधून गेलेली बाई आहे. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. मुरुगेशनच्या दुकानात पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं, आणि फार बरं वाटलं.

नऊ आठवड्यांनी उत्तर आलं. आजवर वापरलेल्या प्रत्येक नावावरचे पोलिसांचे कागद पाठवा.

सुगंधाचा फोन आला. "आई, तू काय लिहिलंस फॉर्मात?"

मी सांगितलं.

मग म्हणाली, "मला सहावा लागलाय, आई."

मी पोलीस स्टेशनला गेले. तिथं लिखापढी करणाऱ्या हवालदाराला आमच्याकडे रायटर म्हणतात. हा रायटर सभ्य होता, खुर्ची दिली.

"तक्रार कोणाविरुद्ध?"

"तक्रार नाही. जुना गुन्हा शोधायचाय."

"आरोपी कोण?"

"मी."

त्यानं पेन खाली ठेवलं. "आरोपीचं नाव?"

"तेव्हा के. गिरिजा. आता एस. कावेरीबाई."

"म्हणजे ऊर्फ," तो म्हणाला, आणि लिहिलं. एस. कावेरीबाई ऊर्फ के. गिरिजा. गॅझेटात छापलेलं, देवाब्राह्मणांसमोर ठेवलेलं नाव, पण मध्ये तो 'ऊर्फ' आला आणि मला कागदावर मीच एखाद्या टोळीची म्होरकी दिसायला लागले.

चाळीस वर्षांपूर्वीची दप्तरं केव्हाच नष्ट केली होती. असल्या किरकोळ बाबींचे कागद तेवढे दिवस ठेवत नाहीत म्हणे. मग त्यानं कॉम्प्युटरवर शोधलं. एस. कावेरीबाई, काही नाही. के. गिरिजा टाकलं आणि तो स्क्रीनच्या जवळ सरकला.

"अम्मा," तो आवाज उतरवून म्हणाला, "दारू?"

"काय?"

"के. गिरिजा. गावठी दारू विकण्याचे चार गुन्हे. साधारण तुमच्याच वयाची. पत्ता कालव्याकडच्या गावाचा आहे."

मी म्हटलं, "मी गणिताची शिक्षिका आहे." आता गणित आणि दारू एका माणसात असू शकत नाहीत असा काही नियम नाही, हे मलाही बोलता बोलता कळलं. रायटरच्या चेहऱ्यावरही तेच होतं.

तरी तो भला माणूस. म्हणाला, "आठ-दहा दिवस थांबा. त्या गावच्या पोलिसांकडून खातरजमा करून घेतो, मग स्वच्छ कागद देतो."

आणि इथं मी काय केलं असेल? मी म्हटलं, "माझ्याकडे आठ-दहा दिवस नाहीत. आहे तसा कागद द्या. मी पत्र लिहून समजावून सांगेन."

तो नको नको म्हणत होता. मी शाळेत वापरायचे त्या आवाजात त्याला बोलले. त्यानं दिला. कागदावर असं होतं: पहिल्या नावावर गुन्हा आढळत नाही, दुसऱ्या नावाच्या एका स्त्रीवर अवैध दारूचे चार गुन्हे नोंद आहेत, ती स्त्री आणि अर्जदार एकच किंवा कसे, हे आज सांगता येत नाही.

हा कागद मी माझ्या हातानं पाठवला. सोबत चार पानी पत्र. पहिल्या पानावर बस, दुसऱ्यावर सासूबाईंचं नाव, तिसऱ्यावर आमच्या घरात कॉफीपलीकडे काही पीत नाहीत याची हकिकत. चौथ्यावर मी माझ्या वर्गाच्या दहावीच्या निकालांविषयी लिहिलं. मुरुगेशननं पत्र वाचलं आणि फक्त एवढंच विचारलं, "पाठवायचंच का, अम्मा?"

नकार आला तो दोन ओळींचा. दिलेली माहिती परस्परविरोधी आहे, म्हणून व्हिसा देता येत नाही. मी ज्या गुन्ह्याची कबुली दिली तो पोलिसांना माहीत नव्हता, आणि पोलिसांना जो माहीत होता त्याची मी कबुली दिली नव्हती. त्यांच्या जागी मी असते तर मीही दिला नसता.

त्यानंतर अकराव्या दिवशी, सकाळी मी देवाला फुलं वाहत होते तेव्हा फोन वाजला. सुगंधा होती.

"झालं, आई. मुलगी आहे."

"अगं, अजून दीड महिना—"

"हो. काचेच्या पेटीत ठेवलंय. नळ्या लावल्यात."

"तुझ्याजवळ कोण आहे?"

"शेजारची बाई घेऊन आली दवाखान्यात. ती गेली आता. तिला कामावर जायचं होतं."

मी काहीतरी बोलले असेन. काय ते आठवत नाही. ती म्हणाली, "नर्स बोलावत्ये, ठेवते," आणि ठेवला. मी तशीच बसून राहिले. दुपारी शेजारणीनं हाक मारली तेव्हा कळलं, फुलांची परडी अजून हातातच होती.

बाळ तीन आठवडे त्या पेटीत होतं. सुगंधा रोज बसनं जायची, हात लावायची परवानगी मिळेल तेवढा वेळ लावायची आणि परत यायची. मला एकेक फोटो पाठवायची, खाली एक अक्षर न लिहिता.

मी पुन्हा स्टेशनला गेले. या वेळी शाळेचा आवाज नव्हता. रायटरनं माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "सरोजाअम्मांना भेटा. तेव्हा या भागात मोजून दोनच बायका पोलिसांत होत्या, त्यातल्या त्या एक. मुलींना धरायचं म्हटलं की त्यांनाच बोलवायचे. आता ओरत्तनाडूला असतात. त्यांची आठवण कॉम्प्युटरपेक्षा बरी आहे."

ओरत्तनाडूची बस पकडली. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, मध्येमध्ये नारळ, कालव्यात पोहणारी म्हशींची डोकी. एरवी मला हा रस्ता आवडतो. त्या दिवशी मी सबंध वाट मांडीवरच्या पिशवीकडे बघत बसले होते.

सरोजाअम्मा अंगणात खाटेवर मिरच्या वाळत घालत होत्या. वय झालेलं, जाड भिंगं, पण पाठ अजून पोलिसाची. मी नाव सांगितलं. दोन्ही नावं सांगितली.

"दारूवाली गिरिजा?" त्या म्हणाल्या. "तिला मी स्वतः तीनदा धरलंय. उंच, धिप्पाड. एकदा तिनं मला कालव्यात ढकललं होतं. ती वारली गेल्या पावसाळ्यात." मग त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू ती असूच शकत नाहीस. तुला ताकसुद्धा विकता येणार नाही."

इतक्या महिन्यांत माझ्याबद्दल कोणी बोललेलं हे सर्वांत चांगलं वाक्य. मला रडूच यायला लागलं. मग मी बसची गोष्ट काढली. कॉलेज, रस्ता, व्हॅन, मंडप.

त्या मिरच्या वरखाली करत ऐकत होत्या. मध्येच थांबल्या. "छत्री होती का तुझ्याकडे? काळी, पुरुषांची?"

होती. वडिलांची होती. मी तिचं नावही काढलं नव्हतं.

"ती तू होय," त्या म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. खाटेच्या कडेवर टेकून, पदर तोंडाला लावून हसल्या. "अगं, तुला कुठं धरलं होतं आम्ही?"

"व्हॅनमध्ये बसवलं होतं."

"तू बसलीस. अठरा मुली धरल्या, त्या रस्त्यात आडव्या झाल्या होत्या. तू कडेला झाडाखाली छत्री घेऊन उभी होतीस. त्यांना व्हॅनमध्ये चढवलं तशी तू मागून चढलीस. मी तुला उतरवलं. तू पुन्हा चढलीस. पुन्हा उतरवलं. मग तू रस्त्यात उभी राहून रडायला लागलीस, मैत्रिणी मला सोडून चालल्या म्हणून. साहेब म्हणाले, जाऊ दे, बसव तिला, जेवून घरी जाईल."

"मी घोषणा देत होते," मी म्हटलं.

"घोषणा त्या मुली देत होत्या. मंडपात गेल्यावर तू मला विचारलंस, दहीभात आहे का. दोनदा वाढून घेतलास. संध्याकाळी सगळ्यांची नावं लिहिली. तुझंही लिही म्हणून तू मागे लागली होतीस. साहेबांनी लिहू दिलं नाही. उगाच कशाला पोरीच्या नावाला डाग, म्हणाले."

माझ्या आठवणीत मी पहिल्या रांगेत होते, आणि ती आठवण मी खोटी रचलेली नव्हती हो. ती आपली आपण वाढली असावी, दर वर्षी थोडी थोडी. परतीच्या बसमध्ये मला त्या अठरा जणींचे चेहरे आठवायला लागले, आणि सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. चेहरा एकीचाही नाही. म्हणजे मी मागेच उभी होते. नोकरीच्या कागदावर भीतीनं लिहिलेलं 'नाही' हे खरं होतं आणि व्हिसाच्या कागदावर छाती काढून लिहिलेलं 'हो' हे खोटं. त्या दुपारच्या जोरावर मी सासूबाईंसमोर, मुख्याध्यापकांसमोर गप्प बसून निभावलं होतं. ती दुपारही माझी नव्हती. घरी आले आणि त्या रात्री स्वयंपाक केला नाही.

पुढचं लवकर उरकतं. सरोजाअम्मांनी वकिलासमोर जबाब दिला, रायटरनं दारूवालीच्या मृत्यूचा दाखला जोडला, मुरुगेशननं नवा फॉर्म भरला. त्या प्रश्नाशी आला तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानं 'नाही' केलं. या वेळी पत्रबित्र काही नाही. व्हिसा आला.

मी पोचले तेव्हा बाळ पाच महिन्यांचं झालं होतं. पेटीतून सुखरूप बाहेर आलेलं, गालावर जरा बाळसं धरलेलं. सुगंधा मात्र अर्धी झाली होती. केस कापून टाकले होते, विंचरायला वेळ नव्हता म्हणून. पहिले तीन दिवस ती माझ्याशी पाहुण्यांशी बोलावं तशी बोलली. टॉवेल इथं आहे, गरम पाण्याचा नळ डावीकडे. मी बाळाला घेतलं की दाराशी उभी राहून बघायची, मला जमतंय की नाही ते.

चौथ्या दिवशी दुपारी बाळ झोपलं होतं. ती झबल्यांच्या घड्या घालत होती. खाली बघूनच म्हणाली, "नक्की काय झालं होतं, आई? फोनवर तू कधी धड सांगितलं नाहीस."

मी सांगितलं. तुम्हाला सांगितलं तसंच, रंगवून. ऊर्फ, दारू, ताक, छत्री, सगळं. मला वाटलं, ती हसेल. इतक्या लांब आले होते, निदान एकदा हसवावं.

तिनं शेवटची घडी घातली.

"म्हणजे तुला त्यांनी धरलंच नव्हतं."

"नाही."

"तिथंही तू नव्हतीस. आणि इथंही नव्हतीस."

तीस वर्षं वर्गात उलट प्रश्नांना उत्तरं दिली, त्यामुळे जीभ गप्प बसत नाही. बोलून गेले, "तिथं जेवायला होते."

ती हसली नाही. उठली, आत गेली. फ्रिज उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती ताटली घेऊन. दहीभात, वर लिंबाच्या लोणच्याची फोड. माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "घे. तेवढं तुला जमतं."

आणि सांगू का तुम्हाला? मी दोनदा वाढून घेतला.